पीएचडीच्या सेमिनारमध्ये विद्यार्थी गप्प का? (विषय मानसशास्त्र, पण इतरांनीही यावं)

अर्धविराम
नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्रात पीएचडी करते आहे. कोर्सवर्क संपलं, आराखडा मंजूर झाला, डेटा गोळा करायला अजून सुरुवात व्हायची आहे. आमच्या विभागात दर आठवड्याला सेमिनार होतो आणि पुढच्या सत्रापासून त्याची आखणी विद्यार्थ्यांनीच करायची असं ठरलं आहे. आम्ही तिघांनी ते काम आनंदाने अंगावर घेतलं आहे.

आत्ताची पद्धत अशी. वक्ते पन्नास मिनिटं बोलतात, मग दहा मिनिटं प्रश्न. पहिला हात ज्येष्ठांपैकीच कुणाचा तरी वर जातो. त्यात प्रश्न थोडा आणि भाष्य फार. वक्ते त्याला तितकंच लांबलचक उत्तर देतात आणि घड्याळाकडे बघत आभार मानले जातात. मागच्या दोन रांगांत बसलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना प्रश्न पडत नाहीत असं मुळीच नाही. बाहेर पडलो की जिन्यात उभं राहून आम्ही त्याच व्याख्यानाचा कीस पाडतो, आणि तिथले प्रश्न आत विचारलेल्या प्रश्नांपेक्षा सरस असतात.

माझं मत स्पष्ट आहे. पीएचडीच्या काळात विचार करायला शिकवणारी सेमिनारइतकी चांगली जागा दुसरी नाही. प्रबंधाचं काम एकट्याने करायचं असतं. गाईड वाचतात, पण आपला विषय त्यांच्याही अंगवळणी पडलेला असतो. सेमिनारमध्ये विषयाबाहेरचा कुणीतरी सरळ विचारतो, "पण हे मोजलंत कसं?" आणि मग पाया तपासला जातो. ही जागा अशी वाया जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

तुमच्याकडे कुठली पद्धत खरोखर चालली आणि कुठली फसली, दोन्ही सांगा.

तिसरा_बाक
सेमिनार जिन्यातच घ्या. :)

रानवारा
@तिसरा_बाक, मग ज्येष्ठ मंडळी सगळ्यात वरच्या पायरीवर येऊन बसतील.

शून्य_गृहीतक
चांगला धागा. यावर अभ्यासच झालेला आहे. २०१८ साली कार्टर आणि सहकाऱ्यांनी १० देशांतल्या ३५ संस्थांमधल्या जवळपास २५० सेमिनारांचं निरीक्षण केलं. प्रश्न कोण विचारतं, एवढंच नोंदवायचं होतं. श्रोत्यांत स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं असूनही, एखादा प्रश्न पुरुषाकडून येण्याची शक्यता अडीच पटीने जास्त होती. आणि या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, तर पुढच्या प्रश्नांत स्त्रियांचा वाटा आणखी घटलेला दिसला. प्रश्नोत्तरांना जास्त वेळ असेल तिथे ही दरी कमी होती.

हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नानेच पुढचं चित्र ठरतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण पहिला प्रश्न विद्यार्थ्याला देऊन बघायला काहीच लागत नाही. अध्यक्षांनी फक्त म्हणायचं, "पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचे."

आणि दहा मिनिटं फारच कमी आहेत. तीस हवीत.

सांजवेळ
+१. त्याच अभ्यासात एक सर्वेक्षणही होतं ना? प्रश्न का विचारला नाही याची कारणं विचारली होती. धीर झाला नाही, आपला प्रश्न योग्य आहे की नाही याची खात्री वाटली नाही, वक्ते फार मोठे वाटले, अशी कारणं स्त्रियांनी जास्त दिली होती. मला त्यातलं प्रत्येक कारण ओळखीचं आहे.

रानवारा
पहिला प्रश्न विद्यार्थ्याला द्या, हे मान्य. पण सक्ती करू नका. मी जिथे होतो तिथे "प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात ठरावीक प्रश्न विचारलेच पाहिजेत" असा नियम आला, आणि त्याचे गुणही ठेवले. परिणाम काय, तर सगळ्यांनी मिळून एक बिनधोक प्रश्न शोधून काढला: "तुमचे निष्कर्ष इतर संस्कृतींना लागू होतील का?" दर आठवड्याला हाच. वक्ता कुणीही असो, विषय कुठलाही असो. उंदरांच्या स्मरणशक्तीवरच्या व्याख्यानालाही तो विचारला गेला.

तिसरा_बाक
उंदरांच्या संस्कृतीबद्दल मला खरोखर ऐकायला आवडेल.

जुनी_वही
मी आता निवृत्त आहे. अनेक वर्षं त्या पुढच्या रांगेत बसलो, म्हणून पुढच्या रांगेची बाजू मांडतो.

ज्येष्ठ आधी बोलतात ते नेहमी मिरवण्यासाठी नसतं. वक्ता बोलून थांबला की खोलीत शांतता पसरते. पाहुणा दुरून आलेला असतो. कुणीच काही विचारलं नाही तर त्याचा अवमान होईल, या काळजीपोटी यजमानातला कुणीतरी बोलतो. दुसरं असं की प्रश्न कसा विचारायचा हे विद्यार्थी ऐकूनच शिकतात. माझ्या गुरूंची एक पद्धत होती. ते आधी वक्त्याचा युक्तिवाद दोन वाक्यांत मांडून दाखवायचे आणि विचारायचे, "मी बरोबर समजलो का?" वक्त्याने मान डोलावली की मगच शंका. कित्येकदा त्या दोन वाक्यांतच वक्त्याला स्वतःच्या म्हणण्यातली फट दिसायची. हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही, त्यांच्या शेजारी बसून शिकलो.

त्यामुळे ज्येष्ठांना गप्प बसवा, असा सूर धाग्यात उमटू नये, इतकंच.

अर्धविराम
@जुनी_वही काका, गप्प बसवायचं मनातही नाही. ते दोन वाक्यांचं तंत्र लगेच टिपून ठेवलं. पण ते बघायला मिळण्यासाठीसुद्धा प्रश्न छोटा हवा. पाच मिनिटांच्या भाष्यातून शिकायला मिळतं ते भाष्य करायलाच.

खिडकीजवळ
सामाजिक मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीने इथे अ‍ॅशचं नाव काढलं नाही तर पाप लागेल. या मानसशास्त्रज्ञाचा १९५० च्या दशकातला रेषांचा प्रयोग. समोर एक रेषा, शेजारी तीन रेषा, त्यांतली कोणती पहिलीएवढी लांब आहे ते सांगायचं. उत्तर डोळ्यांना ढळढळीत दिसतं. पण बाकीचे सगळे (ते प्रयोगकर्त्याने आधीच पढवलेले असतात) ठरवून चुकीचं उत्तर देतात. अशा फेऱ्यांमध्ये खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाबरोबर वाहवत गेली.

हा प्रयोग सांगताना त्याचा पुढचा भाग बहुतेक जण गाळतात. गटात बरोबर उत्तर देणारा एकच साथीदार ठेवला, तर चुका खूप कमी झाल्या. एकच! म्हणजे बहुमत आपल्या बाजूने असण्याची गरज नाही, आपण एकटे नाही एवढं कळणं पुरेसं असतं.

सेमिनारमध्येही तसंच. "मला ही मापनपद्धत पटली नाही" असं एकाने म्हटलं की पाठोपाठ दुसरे दोघे बोलतात. म्हणून आम्ही जोड्या करायचो. सेमिनारआधी दोघांनी मिळून शोधनिबंध वाचायचा, दोघांनी मिळून प्रश्न ठरवायचे, एकाने विचारायचा आणि दुसऱ्याने त्यावर उपप्रश्न करायचा.

तिसरा_बाक
म्हणजे श्रोत्यांत पढवलेली माणसं बसवायची. प्रयोगाची नीतिसमितीकडून मंजुरी घेतली का?

खिडकीजवळ
@तिसरा_बाक, यात फसवणूक नसल्यामुळे बहुधा तातडीने मिळेल. :)

उंबरठा
मी नैदानिक (क्लिनिकल) मानसशास्त्रात आहे, आमच्याकडे सेमिनारच्या जोडीला केस कॉन्फरन्स असते, म्हणजे एकेका रुग्णावर सगळ्यांनी मिळून चर्चा करायची बैठक. इथली अडचण धागाकर्तीच्या अडचणीच्या बरोबर उलट आहे. आमच्याकडे सगळे बोलतात, खूप बोलतात, आणि कुणीच कुणाला आडवं जात नाही.

पॉल मील या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली, आपण केस कॉन्फरन्सला का जात नाही, यावर एक दीर्घ निबंध लिहिला. पन्नास वर्षं उलटली, पण दर वेळी वाचताना आपल्याच खोलीचं वर्णन वाचतो आहे असं वाटतं. त्यांची मुख्य तक्रार अशी की या बैठकांत सोनं आणि कचरा यांना एकाच कौतुकाने गौरवलं जातं. कुणी पुराव्यानिशी मुद्दा मांडो, कुणी आपल्या नात्यातल्या माणसाची गोष्ट सांगो, माना सारख्याच डोलतात. रुग्णाचं एखादं लक्षण कुणी दाखवून दिलं की दुसरा म्हणतो, "माझ्या काकांनाही असं व्हायचं, ते तर ठणठणीत होते." तेवढ्यावर मुद्दा निकालात निघतो.

आमच्या पर्यवेक्षक बाईंनी यावर एक उपाय काढला. केस मांडणाऱ्या विद्यार्थ्याने निदान सांगायचंच नाही. माहिती टप्प्याटप्प्याने द्यायची: आधी तक्रार, मग इतिहास, मग चाचण्यांचे निकाल. प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांनी कागदावर आपला अंदाज लिहायचा, आणि कोणती माहिती मिळाली तर तो अंदाज बदलेल तेही लिहायचं. हा दुसरा भाग लिहिताना घाम फुटतो. "काहीही कळलं तरी माझं मत हेच" असं लिहिता येत नाही, आणि मनात मात्र अनेकदा तेच असतं.

सांजवेळ
@उंबरठा, हे फार आवडलं. कागद गोळा करता का?

उंबरठा
हो, नावं न घालता. मग फळ्यावर सगळे अंदाज एकाखाली एक लिहितो. ज्याचा अंदाज वेगळा असतो त्याला आपण एकटे आहोत असं वाटत नाही, कारण फळ्यावर वेगळे अंदाज बरेच असतात.

अवांतर, पण आखणी करताना हे आधी ठरवाच: केसमधून माणूस ओळखू येता कामा नये. नुसतं नाव काढून भागत नाही. वय, व्यवसाय, भावंडांची संख्या आणि एखादी विरळ घटना एका स्लाइडवर आली की श्रोत्यांतल्या कुणाला तरी ओळख पटते. निदानाशी संबंध नसलेले तपशील बदला किंवा गाळा, आणि स्लाइड कुणालाही पाठवू नका. संमती घेतलेली असली तरी.

शून्य_गृहीतक
उंबरठा यांच्या कागदाला संशोधनाचा आधार आहे. १९८७ साली डील आणि श्ट्रोब यांनी दाखवलं होतं की एकत्र बसून मोठ्याने कल्पना सांगणाऱ्या गटापेक्षा, तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून सुचवलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरतात. मुख्य कारण असं की एका वेळी एकच जण बोलू शकतो. आपली पाळी येईपर्यंत आपण थांबतो, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं.

म्हणून व्याख्यान संपलं की लगेच "कुणाला काही प्रश्न?" असं विचारू नका. दोन मिनिटं सगळ्यांनी शांतपणे लिहू द्या. वक्त्यालाही तेवढाच श्वास घ्यायला मिळतो.

पहिलं_वर्ष
मी नवीन आहे, पहिल्याच सत्रात. खरं सांगायचं तर मला व्याख्यानातलं निम्मं कळतच नाही. इतर सगळ्यांना कळलेलं असतं आणि माझा प्रश्न बालिश ठरेल असं वाटतं. शिवाय प्रश्न दुसऱ्या भाषेत जुळवेपर्यंत वेळ निघून जातो. बोलताना आवाजही थरथरतो. हे फक्त माझंच होतं का?

सांजवेळ
नाही गं (किंवा रे), मुळीच नाही.

आवाजाबद्दल एक आधार देते. २००३ मध्ये साविट्स्की आणि गिलोविच यांनी लोकांना श्रोत्यांसमोर भाषण करायला लावलं. आपली घबराट समोरच्यांना किती दिसली असेल याचा बोलणाऱ्यांनी केलेला अंदाज श्रोत्यांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त होता. म्हणजे आतली धडधड बाहेर आपल्याला वाटते तितकी दिसत नाही. यातला सुंदर भाग असा की ही गोष्ट काही जणांना भाषणाआधीच समजावून सांगितली, तर त्यांची भाषणं अधिक चांगली झाली. म्हणून तुलाही आताच सांगून ठेवते आहे. :)

भाषेचं म्हणशील तर प्रश्न लिहून काढ आणि कागद बघून वाच. अनेक मुरलेले संशोधकही तेच करतात.

जुनी_वही
@पहिलं_वर्ष, निम्मं कळतं म्हणजे उत्तम चाललं आहे. आकलनाचे शास्त्रज्ञ नैदानिक व्याख्यानाला बसतात तेव्हा त्यांनाही निम्मंच कळतं. फक्त ते तसं म्हणत नाहीत. "दुसऱ्या स्लाइडवरचं चल (व्हेरिएबल) नेमकं कशाने मोजलं, पुन्हा सांगाल का?" हा प्रश्न बालिश नाही. मी ऐकलेल्या उत्तम प्रश्नांपैकी कितीतरी याच साच्याचे होते.

पी_मूल्य
काकांच्या वरच्या वाक्याला पुरावा जोडतो. एका सेमिनारमध्ये मी शेवटच्या रांगेत होतो. पहिल्या स्लाइडवर सहभागी ८४, दोन गट, यादृच्छिक विभागणी (कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं). बऱ्याच स्लाइड पुढे निकाल आला. टी-चाचणी (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना), आणि तिच्यापुढे कंसात ६९. दोन स्वतंत्र गटांच्या साध्या टी-चाचणीत तिथे एकूण सहभागींमधून दोन वजा केलेली संख्या येते, म्हणजे ८२ यायला हवी. ६९ आली याचा अर्थ विश्लेषणात ७१ जणच होते. तेरा माणसं वाटेत कुठेतरी गळली होती.

माझ्या शेजारच्या मुलीने वहीच्या कोपऱ्यात ८४ वजा ७१ असं लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि हात वर केला. अगदी साध्या शब्दांत विचारलं, "उरलेले तेरा जण कुठे गेले?" वक्ते प्रामाणिक होते. म्हणाले, सूचना नीट न पाळल्यामुळे वगळले. तिने पुढे विचारलं, "दोन्ही गटांतून सारखेच?" तसं नव्हतं. बहुतेक जण एकाच गटातले होते, ज्या गटाला अवघड काम दिलं होतं त्यातले. म्हणजे अवघड कामाच्या गटात टिकून राहिले ते मुळातच चिकाटी असलेले. विभागणी यादृच्छिक होती, पण तुलना आता तशी उरली नव्हती.

पुढचा सगळा वेळ त्यावरच चर्चा झाली, आणि वक्त्यांनी शेवटी तिचे आभार मानले.

शून्य_गृहीतक
वेल्चची टी-चाचणी (दोन गटांतला विखुरलेपणा सारखा नसेल तेव्हा वापरायचा प्रकार) वापरली असेल तर ती संख्या अशी सरळ वजाबाकीने निघत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

पी_मूल्य
बरोबर. पण ती बहुधा अपूर्णांकात येते, आणि तसं असतं तर वक्त्यांनी तेच उत्तर दिलं असतं. प्रश्न विचारायचा तो यासाठीच.

अशी तपासणी आणखी एक आहे, विद्यार्थ्यांना फार आवडते. २० जणांनी एका प्रश्नाला १ ते ७ मध्ये पूर्ण अंकात उत्तर दिलं, तर सरासरी ०.०५ च्याच पटीत येणार. ३.४५ येईल, ३.५० येईल, ३.४७ येऊच शकत नाही. ब्राउन आणि हेदर्स यांनी २०१७ च्या शोधनिबंधात ही पद्धत मांडली आणि मानसशास्त्रातल्या ७१ प्रकाशित निबंधांना ती लावून पाहिली. सुमारे निम्म्यांत निदान एक तरी सरासरी अशक्य निघाली. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. टंकनातली चूक असते, कुणी प्रश्न सोडलेला असतो. पण जर्नल क्लबमध्ये (शोधनिबंध वाचून त्यावर चर्चा करायच्या बैठकीत) कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला विद्यार्थी शोधनिबंधाकडे निराळ्याच नजरेने बघायला लागतो.

रानवारा
मग हेही आठवा: श्टापेल प्रकरण. नेदरलँड्समधले नावाजलेले सामाजिक मानसशास्त्रज्ञ, २०११ साली उघड झालं की त्यांचा बराच डेटा बनावट होता. पन्नासहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले. ते उघडकीला आणलं तरुण संशोधकांनी. २०१२ च्या चौकशी अहवालात फक्त त्या एका माणसावर ठपका नव्हता. आजूबाजूच्या संशोधनसंस्कृतीत चिकित्सक प्रश्न विचारण्याची सवयच क्षीण झाली होती, यावरही कठोर टीका होती.

मी वर सक्तीला विरोध केला, पण प्रश्न विचारण्याचं वातावरण हा शिष्टाचाराचा भाग आहे असं कुणी समजू नये. शास्त्राची राखण त्यावरच चालते.

उत्तररात्र
विरोधी मत मांडते. मी अर्थशास्त्राच्या सेमिनारांना बसते. तिथे वक्त्याला दुसऱ्या स्लाइडपासूनच थांबवतात. प्रश्नांची कमतरता अजिबात नाही! पण २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या सेमिनारांवर एक मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की स्त्री वक्त्यांना जास्त प्रश्न विचारले जातात, आणि त्यांतले उपदेशाच्या किंवा वैराच्या सुरातले असण्याची शक्यताही जास्त असते. तेव्हा "जास्त प्रश्न म्हणजे चांगला सेमिनार" असं गणित मांडू नका. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या पहिल्या सादरीकरणात निकालाच्या स्लाइडपर्यंत पोचूच दिलं नाही. त्यानंतर पुढचं सादरीकरण ती टाळत राहिली. विद्यार्थी गप्प असणं वाईट, पण विद्यार्थी सोलून निघणं त्याहून वाईट.

खिडकीजवळ
@उत्तररात्र, शंभर टक्के. आमच्याकडे यावर नियम होता: मध्येच थांबवायचं ते फक्त न समजलेलं विचारण्यासाठी. हरकत, पर्यायी स्पष्टीकरण, "हे आधीच कुणीतरी केलंय" वगैरे सगळं शेवटी. अध्यक्ष नियम पाळायला लावायचे, अगदी विभागप्रमुखांनासुद्धा.

पी_मूल्य
माझ्या मते धाग्यात एक महत्त्वाची गोष्ट अजून आलेली नाही. आपण सगळे प्रश्न कसे विचारावे यावर बोलतो आहोत. पण मांडायचं काय आणि कधी?

बहुतेक सेमिनारमध्ये काम पूर्ण झाल्यावर मांडलं जातं. डेटा गोळा झाला, विश्लेषण झालं, शोधनिबंधही पाठवून झाला. आता कुणी कितीही भेदक प्रश्न विचारला तरी वक्ता करणार काय? फार तर मर्यादांच्या परिच्छेदात एक वाक्य वाढवेल. साहजिकच तो बचाव करतो, विचारणारा हल्ला करतो, आणि उत्तररात्र म्हणतात तसं होतं.

तेच काम डेटा गोळा करण्याआधी मांडलं तर? "असं गृहीतक आहे, अशी विभागणी करणार, इतके सहभागी, अमुक निकषावर वगळणार, अमुक विश्लेषण करणार." आता प्रत्येक हरकत ही मदत ठरते. वर सांगितलेला तेरा जणांचा प्रश्न आधी निघाला असता, तर अवघड गटातली गळती कशी हाताळायची ते आधीच ठरलं असतं.

नियतकालिकांनीही हेच ओळखलं. २०१३ साली 'कॉर्टेक्स'ने रजिस्टर्ड रिपोर्ट सुरू केले. आराखड्याचं परीक्षण आधी होतं आणि तो मान्य झाला तर निकाल काहीही आला तरी प्रकाशनाची तत्त्वतः हमी. २०१५ मध्ये १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा जो मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला, त्यात मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ होता आणि पुनरावृत्तींत फक्त ३६ टक्क्यांत. त्यानंतर ही गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. विद्यार्थ्यांचा सेमिनार हे याच परीक्षणाचं घरचं रूप होऊ शकतं.

जुनी_वही
@पी_मूल्य, वा. इथे माझं मत बदललं असं म्हणणार नाही, कारण मी याच मताचा होतो. पण इतक्या नेमकेपणाने मांडलेलं प्रथमच वाचलं.

पहिलं_वर्ष
पण डेटा गोळा करण्याआधी आराखडा सगळ्यांसमोर मांडला आणि कुणी कल्पना उचलली तर?

पी_मूल्य
भीती रास्त आहे. मांडण्याआधी आराखडा तारखेसह नोंदवून ठेवायचा. प्री-रजिस्ट्रेशनची संकेतस्थळं आहेत, ठरावीक काळ नोंद खाजगी ठेवता येते. आणि विभागांतर्गत सेमिनारात पाहुणे नसतात. माझा अनुभव असा की उचलेगिरीपेक्षा आराखड्यातली चूक उशिरा कळण्याने विद्यार्थ्यांचं नुकसान जास्त होतं.

सांजवेळ
@पहिलं_वर्ष, तुझ्यासाठी अजून एक. २०१८ मध्ये ऑक्सफर्डमधल्या तरुण संशोधकांनी रिप्रोड्युसिबिलिटी नावाचा जर्नल क्लब सुरू केला (ReproducibiliTea, नावाच्या शेवटी चहा जोडलेला आहे), तो पुढे बऱ्याच देशांत पसरला. पद्धत साधी: संशोधनपद्धतीवरचा एक शोधनिबंध सगळ्यांनी वाचून यायचा आणि बोलायचं. व्याख्यान नाही, वक्ता नाही. समजत नाही असं म्हणायला तिथे जास्त मोकळं वाटतं. विभागात असा गट नसेल तर चार जणांत सुरू होतो.

तिसरा_बाक
चहा आहे म्हटल्यावर मी पाचवा.

अर्धविराम
इतके प्रतिसाद बघून भारावले. सगळं वाचून आम्ही तिघांनी काल बसून कच्चा आराखडा केला. टीका करा.

दर महिन्यात एक पाहुणा वक्ता, एक जर्नल क्लब, आणि उरलेले दोन आठवडे विद्यार्थ्यांचे डेटाआधीचे आराखडे. सादरीकरण वीस मिनिटं, मग दोन मिनिटं लिहिणं, मग तीस मिनिटं चर्चा. मध्येच फक्त न समजलेलं विचारायचं. पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे. मांडणाऱ्याने आदल्या दिवशी एक पान पाठवायचं, त्यात आपल्याला स्वतःला कुठे खात्री नाही ते लिहायचं. अध्यक्षपद आळीपाळीने विद्यार्थ्यांकडे. ज्येष्ठांनी पहिल्या पंधरा मिनिटांत बोलायचं नाही.

जुनी_वही
शेवटचा नियम सोडून सगळं उत्तम. पंधरा मिनिटं तोंड बंद ठेवा असं सांगितलंत तर काही जण येणंच बंद करतील, आणि नुकसान तुमचं होईल. त्याऐवजी त्यांना काम द्या. दर आठवड्याला एका ज्येष्ठाला विनंती करा की शेवटची पाच मिनिटं त्यांनी चर्चेचा सारांश सांगावा: कोणत्या हरकती उरल्या, कोणत्या सुटल्या. सारांश सांगायचा असेल तर आधी ऐकावं लागतं.

खिडकीजवळ
हे तर नियमापेक्षा कितीतरी चांगलं.

उंबरठा
नैदानिक विद्यार्थी असतील तर केस मांडण्यासाठी वेगळा आठवडा ठेवा आणि त्या दिवशी दार बंद. वर लिहिलेलं विसरू नका.

रानवारा
आणि दोन मिनिटं लिहून झाल्यावरही कुणी बोललं नाही तर? अध्यक्ष विद्यार्थी असणार, तो घाबरून लगेच म्हणेल "मग आपण थांबूया".

शून्य_गृहीतक
तर त्याने थांबायचं, पण गप्प राहून. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि स्वतःहून प्रश्नही विचारतात. अध्यक्षाला मनात दहापर्यंत मोजायला सांगा. त्याआधीच कुणीतरी बोलतं.

अर्धविराम
काका, पंधरा मिनिटांचा नियम काढला, सारांशाची विनंती घातली. पहिल्या सारांशासाठी ज्यांना विचारलं ते लगेच हो म्हणाले. उंबरठा, केससाठी वेगळा आठवडा आणि बंद दार, दोन्ही लिहून घेतलं. शून्य_गृहीतक, दहापर्यंत मोजणं अध्यक्षांच्या सूचनांत पहिल्या ओळीत टाकलं आहे.

पहिला आराखडा माझाच मांडते आहे, डेटा अजून सुरू झालेला नाही ते बरंच झालं. माझ्या अभ्यासात सहभागींना दोनदा बोलवायचं आहे आणि दुसऱ्या वेळी कितीजण येणार नाहीत, ते कोणत्या गटातले असतील, हीच मला खात्री नसलेली जागा आहे. एका पानात तेच लिहिते आहे.

पी_मूल्य
दुसऱ्या वेळी न आलेल्यांची पहिल्या वेळची मापनं फेकून देऊ नकोस. आलेल्या आणि न आलेल्यांची तुलना कशी करणार, तेही त्याच पानात लिही. आणि ते पान इथेही टाक, आम्हीही वाचतो.

अर्धविराम
टाकते. रविवारपर्यंत.